तायक्वांदोतलं शहाणपण नेमकं कुठे असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३८, दोन वर्षांपासून तायक्वांदो, ग्रीन बेल्ट, सध्या ताएगुकच्या पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, चालू. वर्गाच्या भिंतीवर सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अजिंक्य वृत्ती ही पाच तत्त्वं रंगवलेली आहेत, शेवटी शपथ म्हटली जाते, आणि सर सांगतात की ही दोन हजार वर्षांची साधना आहे. प्रत्यक्षात हाती लागली ती गुडघेदुखी आणि बेल्ट परीक्षेची फी. मग लोक ज्याबद्दल इतकं भरभरून बोलतात ते शहाणपण, ती प्रेरणा कुठे असते? की त्यासाठी काही वेगळं वाचायला हवं?

आधी गुडघ्याचं बोलू, कारण तो ठणकत असताना तत्त्वज्ञान डोक्यात शिरत नाही. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांचा गुडघा बहुतेक वेळा दोल्यो चागी मारताना बिघडतो, म्हणजे ती बाजूने गोल येणारी लाथ. उचललेल्या पायाकडे सगळे बघतात, घोटाळा मात्र उभ्या पायात असतो. कंबर वळते, जमिनीवरचं पाऊल मॅटला चिकटून तिथेच राहतं आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर येतो. लाथ लागण्याआधी उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे फिरलेली हवी. भिंतीला हात टेकवा, पाय कमरेच्या वर नेऊ नका, आणि फक्त टाच फिरवायचा सराव करा. काही आठवडे उंच लाथ बंद. तरीही सूज येत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं अंगावर काढण्याला चिकाटी म्हणणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता ती दोन हजार वर्षं. तुमच्या सरांनी ती पदरची घातलेली नाहीत, त्यांनाही त्यांच्या सरांनी तसंच सांगितलं असणार. तायक्वांदो हे नाव ठरलं १९५५ साली, जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने. त्याआधी सोलमध्ये निरनिराळ्या ‘क्वान’ होत्या, आपल्या भाषेत आखाडे. कोरियावर १९१० ते १९४५ जपानची राजवट होती, आणि या आखाड्यांच्या संस्थापकांपैकी बरेच जण त्या काळात जपानला शिकायला जाऊन कराटे शिकून आले होते. १९४४ मध्ये चुंग दो क्वान काढणारे ली वोन कुक हे शोतोकान कराटेच्या गिचिन फुनाकोशींचे विद्यार्थी. चोईसुद्धा जपानमध्येच कराटे शिकले. सोलचं कुक्कीवोन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालय, उघडलं १९७२ मध्ये, जागतिक संघटना निघाली १९७३ मध्ये, आणि ताएगुकच्या आठ पूमसेही त्याच सुमाराच्या. थोडक्यात, तुमच्या बेल्टचा अभ्यासक्रम बहुधा तुमच्या वडिलांपेक्षा वयाने लहान आहे.

जुनी देशी विद्या कोरियात नव्हती असं नाही. तेक्क्यॉन होती आणि आहे: पायांचा तालात चालणारा, वरून नाचासारखा दिसणारा खेळ. सोंग दोक-गी नावाच्या एका म्हाताऱ्या माणसाने तो विसाव्या शतकात जवळजवळ एकट्याने जपला. १९८३ मध्ये कोरियन सरकारने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०११ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. पण आज मॅटवर आपण जे करतो त्याची मुळं मोठ्या प्रमाणात कराटेत आहेत, आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्र उभं करायच्या ईर्ष्येत ही गोष्ट मागे सारली गेली. ते समजण्यासारखं आहे. ज्याने पस्तीस वर्षं आपल्याला चिरडलं त्याच्याकडून आपण काही घेतलं, हे कबूल करणं सोपं नसतं.

मला यातलं खरं शहाणपण दिसतं ते याच ठिकाणी, आणि त्यासाठी १७९० सालच्या एका ग्रंथाकडे जावं लागतं. ‘मुये दोबो थोंगजी’ हे कोरियातलं सर्वांत महत्त्वाचं जुनं युद्धकला-पुस्तक. राजा चोंगजोने ते तयार करवून घेतलं, आणि काम सोपवलं तिघांवर: यी दोक-मू, पाक जे-गा हे दोन विद्वान आणि पेक दोंग-सू हा लढवय्या. तिघेही उमराव घराण्यांतल्या दासीपुत्रांच्या शाखांतले, म्हणजे तिथल्या रीतीप्रमाणे मोठ्या पदांचे दरवाजे त्यांना बंद. राजाने त्या तिघांना हाताशी धरलं. पुस्तकात चोवीस विद्या आहेत, अठरा पायदळाच्या आणि सहा घोड्यावरच्या, प्रत्येक पवित्र्याचं चित्र काढून समजावलेल्या. त्यात चिनी शस्त्रं आहेत, कोरियन आहेत, आणि जपानी तलवारीच्या चार शैलीही आहेत, उघडपणे जपानी म्हणूनच नोंदवलेल्या.

१५९२ ते १५९८ या काळात जपानी फौजांनी दोनदा कोरियावर स्वारी करून देश उजाड केला होता. जवळच्या लढाईत जपानी तलवारीपुढे आपला शिपाई टिकत नाही, हे कोरियाने फार मोठी किंमत मोजून बघितलं. त्यानंतर काय केलं? राजा सुकजोंगच्या काळात किम चे-गॉन नावाचा शिपाई राजदूतांच्या पथकाबरोबर जपानला गेला, तिथली तलवार शिकून आला आणि परत येऊन ती शिकवली. तीच पुढे पुस्तकात आली. ज्याने हरवलं त्याच्याकडे जायचं, त्याचं कसब घ्यायचं, कुणाकडून घेतलं तेही लिहून ठेवायचं. कोरियन युद्धकलांमध्ये मला याहून मोठी गोष्ट सापडलेली नाही, आणि भिंतीवरच्या पाच ओळींत ती नाही.

सोलच्या दक्षिणेला सुवॉन शहरात चोंगजोनेच बांधलेला ह्वासोंग किल्ला आहे. तिथल्या राजवाड्यासमोरच्या मैदानात या चोवीस विद्यांची प्रात्यक्षिकं होतात. कधी कोरियाला जाणं झालंच तर कुक्कीवोनमध्ये फोटो काढण्याआधी इथे जा. पेंढ्याच्या जुड्या तलवारीने सपासप उडताना बघायला मजा येते, पण मी बघत होतो ते त्यांचे पाय. पूमसेत आपण ज्या सफाईने थांबतो तसं तिथे कुणी थांबत नाही. एक वार संपायच्या आत वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं.

हरल्यावर काय करायचं, हा धागा कोरियन धनुर्विद्येत आणखी स्पष्ट दिसतो. गुकगुंग म्हणतात तिला. लक्ष्य १४५ मीटरवर, म्हणजे ऑलिंपिकच्या ७० मीटरच्या दुपटीहून जास्त. दोरी अंगठ्याने ओढायची, एका फेरीत पाच बाण. पारंपरिक धनुष्य म्हशीचं शिंग, बांबू, तुतीचं लाकूड आणि स्नायूंचे धागे माशाच्या सरसाने चिकटवून केलेलं. तिथल्या धनुर्धरांचे नऊ नियम आहेत आणि ते तायक्वांदोच्या पाच तत्त्वांपेक्षा मला जास्त भावतात, कारण त्यातले काही अगदी रोखठोक आहेत: बाण सोडताना बोलू नका. दुसऱ्याचं धनुष्य ओढून बघू नका. जिंकणाऱ्याचा राग धरू नका. आणि या नऊ नियमांच्या जोडीला बाण मारण्याची वेगळी तत्त्वं आहेत, त्यांत येतं: बाण चुकला तर कारण स्वतःत शोधा. हा शेवटचा विचार मुळात जुन्या चिनी कन्फ्यूशियन ग्रंथांतला आहे. आपल्याकडे धनुर्विद्या म्हटली की पोपटाचा डोळा आठवतो, म्हणजे नेम धरतानाची एकाग्रता. गुकगुंगवाल्यांनी नियम करून ठेवलाय तो बाण चुकल्यानंतरच्या क्षणाचा. वारा होता, दोरी नवी होती, शेजारचा खोकला, हे सगळं त्या क्षणी मनात तयार असतं.

तुमच्या वर्गात हा क्षण रोज येतो, फक्त त्याचं नाव कुणी तत्त्वज्ञान ठेवत नाही. चारयोत, म्हणजे सावधान, म्हटल्यावर रांग लागते ती बेल्टप्रमाणे. सातवीतला रेड बेल्टवाला मुलगा पुढे, तुम्ही मागे. जिन्यात भेटला की तो तुम्हाला काका म्हणतो. रांगेत मात्र वॉर्म-अप तो घेतो, तुमचा गुडघा वाकला नाही तर तोच टोकतो, आणि क्योरुगीत, म्हणजे सरावाच्या लढतीत, तुमच्या हेडगार्डवर त्याचा पाय वाजतो. मग दोघं समोरासमोर उभं राहून वाकता, आधीही आणि नंतरही. कोरियन समाजात वयाचा मान केवढा आहे ते पाहिलं, दोन वर्षांनी मोठ्या माणसाशी बोलायची भाषासुद्धा तिथे बदलते, तर मॅटवरच्या या उलट्या रांगेचं वजन कळतं. आपल्याकडेही ‘मला शिकवतोस काय’ हे वाक्य घरात आणि ऑफिसात काय काय बिघडवतं ते मी सांगायला नको. मोठ्या वयात तायक्वांदोला आलेले बरेच जण पहिल्या वर्षातच सोडतात आणि कारण वेळेचं सांगतात. माझ्या अंदाजाने निम्म्यांना ही रांग सोसत नाही.

पूमसेबद्दल. तुम्ही आता पुढच्या पूमसेच्या मागे असाल, पण पहिलीकडे, ताएगुक इल जांगकडे, परत जा. अठरा हालचाली, बऱ्याचशा आप सोगीत, म्हणजे रस्त्याने चालताना पाऊल पडतं तेवढ्याच अंतरावर. खोल पवित्रा थोड्याच ठिकाणी, उड्या नाहीत, त्यामुळे लपायला जागाही नाही. डावीकडे वळून खाली अडवायचं, उजवं पाऊल टाकून छातीच्या उंचीवर ठोसा. एवढंच. बघणाऱ्याची नजर ठोशाच्या मुठीवर जाते. मी परीक्षक म्हणून बसलो की मागे येणाऱ्या मुठीकडे बघतो. ती कमरेशी घट्ट येऊन थांबली, तर माणूस पूर्णपणे तिथे आहे. ती बरगडीजवळ कुठेतरी अर्धवट रेंगाळली, तर मन पुढच्या हालचालीवर गेलंय, ‘आता वळायचं कुठे?’ यात अडकलंय. ज्या हाताकडे कुणी बघत नाही तो हात खरं बोलतो. आरशासमोर करू नका. फोनवर बाजूने व्हिडिओ घ्या आणि फक्त ती एक मूठ बघा.

प्रेरणा म्हणाल तर ती मी दुसऱ्या घराकडून घेतो. तुमच्या भिंतीवरची पाच तत्त्वं मुळात चोईंच्या आयटीएफ या वेगळ्या संघटनेची, आणि ताएगुक पूमसे कुक्कीवोनच्या. चोई १९७२ मध्ये कॅनडाला निघून गेले, पुढे त्यांची संघटनाही फुटली. संयम शिकवणाऱ्यांनी आपसात एवढं भांडावं याची गंमत वाटते, असो. आयटीएफच्या चोवीस पॅटर्नना, म्हणजे त्यांच्याकडच्या पूमसेंना, कोरियन इतिहासातली नावं आहेत, आणि हालचालींच्या संख्येतही अर्थ भरलाय. ‘सम-इल’मध्ये ३३ हालचाली, कारण १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सह्या करणारे ३३ जण. ‘जूंग-गुन’मध्ये ३२, कारण हार्बिन स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याला गोळ्या घालणारा आन जूंग-गुन १९१० मध्ये फासावर गेला तो कोरियन मोजणीप्रमाणे बत्तिसाव्या वर्षी. त्याच्या तीन पायऱ्या आधी ‘दो-सान’ येतो, म्हणजे आन चांग-हो, ज्याने आयुष्य शिक्षणात घातलं. विद्यार्थ्याच्या अंगात शिक्षक आधी भिनतो आणि पिस्तूलवाला नंतर. हा क्रम ठरवून लावला की आपोआप लागला, कोण जाणे, मला तो आवडतो.

सगळ्यांत जवळचा पॅटर्न ‘चूंग-मू’. नाव नौसेनापती यी सुन-शिनचं. १५९७ मध्ये दरबारी कारस्थानामुळे त्याचं पद काढून त्याला साधा शिपाई केलं, तो गेला नि शिपाई म्हणून राहिला. त्याच्या जागी आलेल्याने जवळजवळ सगळं आरमार घालवल्यावर त्याला परत बोलावलं, तेव्हा हाताशी तेरा जहाजं उरली होती, आणि त्यांच्या जोरावर त्याने म्योंगन्यांगच्या खाडीत शंभरावर जपानी जहाजांना मागे हटवलं. पुढच्या वर्षी, १५९८ च्या शेवटी, नोर्यांगच्या लढाईत गोळी लागली. मरताना त्याने सांगितलं की लढाई चालू आहे तोवर माझ्या मरणाचा बोभाटा करू नका. हा पॅटर्न डाव्या हाताच्या वाराने संपतो, आणि चोईंनी त्याचं कारण दिलंय: राजनिष्ठेच्या बंधनामुळे या माणसाचं पूर्ण बळ दिसायचं राहूनच गेलं. अर्धवट राहिलेल्या आयुष्याला अर्धवट शेवट. करताना प्रत्येक वेळी शेवटी अंग अजून एक वार मागतं, आणि तो नसतो.

ह्वारांगबद्दल तुम्ही नक्की ऐकलं असेल, सिल्ला राज्यातले ते तरुण योद्धे आणि त्यांचे पाच नियम. हे नियम वोन-ग्वांग नावाच्या भिक्षूने दिले ही गोष्ट ‘सामगुक सागी’ या ११४५ सालच्या इतिहासात आहे. पण ते त्याने क्वी-सान आणि चू-हांग या दोघा मित्रांना दिले, आणि त्या नोंदीत या दोघांना ह्वारांग म्हटलेलं नाही. पहिले चार नियम कुठल्याही सैन्यात शोभतील: राजाशी निष्ठा, आईवडिलांची सेवा, मित्रांशी खरेपणा, रणातून माघार नाही. पाचवा वेगळा: जीव घ्यायचा तर पारखून. त्या मुलांनाच तो कळला नाही, त्यांनी विचारलं. भिक्षूने दिलेलं उत्तर कमालीचं व्यवहारी आहे: वसंतात आणि उन्हाळ्यात मारू नका, उपासाच्या दिवशी मारू नका, घोडा, बैल, कोंबडी, कुत्रा ही घरची जनावरं मारू नका, ज्याचं मांस घासभरही होत नाही असा बारका जीव मारू नका, आणि मारलंच तर गरजेपुरतं. उदात्त शब्द एकही नाही, नुसती यादी. आत्मसंयम असा शिकवावा लागतो. मी नव्या मुलांना ‘कंट्रोल ठेवा’ म्हणत नाही, कारण त्याने काहीच होत नाही. व्हाइट बेल्टच्या डोक्याला पाय लावायचा नाही, पडणाऱ्याला लाथ नाही, चश्मा काढल्याशिवाय क्योरुगी नाही, असं सांगतो.

एका बाबतीत मात्र सावध करतो. मॅटवरचं शहाणपण आपोआप घरी येत नाही. हापकिदो या दुसऱ्या कोरियन युद्धकलेत वर्तुळ, पाणी आणि मेळ अशी तीन तत्त्वं शिकवतात: मनगट धरलं तर ओढाओढी करू नका, उलट एक पाऊल आत जा, कोपर फिरवा, हात अंगठ्याच्या बाजूने सुटतो. हे खरंच चालतं. पुढे भाषणांत असं सांगतात की बायकोशी भांडण झालं तरी असंच करावं. टाळ्या मिळतात. पण चौथा-पाचवा दान (ब्लॅक बेल्टमधली पायरी) असलेली, विद्यार्थ्यांवर खेकसणारी, फीवरून पालकांचा अपमान करणारी माणसं मी पाहिलीत, आणि त्यांचं मनगट कुणाच्याही हाती सापडत नाही.

जे हमखास घरी येतं ते म्हणजे पडणं. हापकिदोचं नाकबप कुठे मिळालं तर नक्की शिका: हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हाताचा सपाट फटका जमिनीवर, डोकं टेकायचं नाही. लहान मुलं दुसऱ्या दिवशी पडायला लागतात. मोठी माणसं आधी खाली वाकून जमीन चाचपतात, मग गुडघा टेकवतात, मग हळूच आडवी होतात आणि म्हणतात, ‘झालं ना, सर?’ पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरला की हे शिकलेलं उपयोगी पडतं, तिथे दान विचारत नाहीत.

वाचायचं असेल तर कोरियाचा इतिहास वाचा, मार्शल आर्टच्या तत्त्वज्ञानाची पुस्तकं नंतर. आणि परीक्षेची घाई नको. पुढचा बेल्ट सहा महिने उशिरा घेतल्याने काही अडत नाही, सरांना तसं स्पष्ट सांगा.

पुढच्या क्योरुगीला, ज्या मुलाची लाथ तुम्हाला लागेल, त्याला वर्ग सुटल्यावर थांबवा आणि विचारा, ‘तुला कसं कळलं की मी आता येणार?’ सुरुवातीला लाजेल. मग बहुतेक सांगेल की काका, तुम्ही पाय उचलायच्या आधी खांदा हलवता. दोनदा त्याच्याकडून ते करून दाखवून घ्या.